साल कोणतं टाकू?

"काकू, तुमचं साल कोणतं टाकू?" चहात साखर किती टाकू असं विचारावं, तितक्या सहज विल्लोने विचारलं. सिनेमावाल्यांची ही सजावटवाली बाई थडग्यासमोर गुडघ्यांखाली उशी घेऊन बसली होती. डाव्या हातात करड्या पुट्टीची वाटी, उजव्या हातात लहानसा कलथा. चाळिशी उलटलेली, गुडघे धरलेले, स्वभावाने सरळ. तिच्या प्रश्नात वाईट काहीच नव्हतं. एतेल्का शेजारच्या थडग्यापाशी घडीच्या खुर्चीत, मांडीवर ब्लँकेट आणि ब्लँकेटवर कागदी पेला ठेवून बसली होती. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं तिला झालं. एवढंच. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसलं नसतं, फार तर पेल्यातला चहा जरासा हलला असेल.

"घाई काय आहे," ती म्हणाली.

"मला कसली घाई? चोंगोरला आहे. दुपारनंतर ऊन त्या झाडामागे जातं म्हणतो." विल्लोने कलथ्याने पुट्टी ढवळली. "चालू वर्षच टाकते मग. की पुढचं टाकू? सिनेमा पुढच्या वर्षी येणार ना."

सिनेमा एका म्हाताऱ्या विधवेबद्दल होता. अर्धा हसवणारा, अर्धा रडवणारा. हसता हसता लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला हवं, असं चोंगोर पहिल्या दिवशी म्हणाला होता. तो दिग्दर्शक, वय तिशीचं, गळ्यात मफलर, कानांवर लोकरी टोपी. हसता हसता रडणारी माणसं एतेल्काने जन्मभर पाहिली होती. पेश्त शहरातल्या एका लहान थिएटरात, रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीत खोदलेल्या खोक्यात बसून ती नटांना विसरलेली वाक्यं कुजबुजून द्यायची, प्रॉम्प्टिंग करायची. तिथून प्रेक्षकांची पहिली रांग अगदी जवळून दिसे, आणि त्या रडणाऱ्यांतल्या बहुतेकांना सर्दी झालेली असे. विधवेचं काम एमोकेकडे होतं. एमोके बासष्ट वर्षांची, एके काळी देशाने तिला पोहण्याच्या पोशाखात पाहिलं होतं आणि देश ते अजून विसरायला तयार नव्हता. तिच्या चेहऱ्यावर सुरकुत्या चिकटवता येत होत्या. हातांचं मात्र जमेना. ज्या हातांनी आयुष्यात बटाटा सोलला नाही, ते कितीही रंगवले तरी बटाट्याला कळतंच. म्हणून पेन्शनरांच्या क्लबात हात शोधायला माणसं आली आणि त्यांनी एतेल्काचे हात पसंत केले. तेव्हापासून चोंगोर रोज सकाळी "हात चुंबतो, काकू" म्हणे, इथे कोणतंही वळण लागलेलं मूल थोरांना म्हणतं तसं, आणि मग खरोखरच हातांकडे पाही, घोड्याचे व्यापारी दातांकडे पाहतात त्या नजरेने. पडद्यावर चेहरा एमोकेचा, हात एतेल्काचे. आतापर्यंत तिच्या हातांनी बटाटे सोलले होते, सुईत दोरा ओवता येत नाही असं दाखवलं होतं (तिला तो सहज ओवता येत होता, दोनदा चुकून ओवला गेला आणि ते दृश्य पुन्हा घ्यावं लागलं), आणि मेलेल्या नवऱ्याच्या कपाटात टांगलेल्या कोटावरून सावकाश हात फिरवला होता. स्वतःच्या गेलेल्या नवऱ्याच्या, विल्मोशच्या, कोटावरून तिने कधी हात फिरवला नव्हता. ब्रश फिरवला होता. पण हे चोंगोरला सांगून त्याचा हिरमोड करण्यात अर्थ नव्हता.

थडग्याची गोष्ट तिनेच सांगितली होती, गंमत म्हणून, जेवणाच्या सुटीत. आमच्या दगडावर, ती म्हणाली होती, माझं नाव केव्हाच घातलंय. त्यात नवल नव्हतं. टेबलावरच्या प्रत्येकाच्या घरात कुठल्या ना कुठल्या दगडावर एखादी जिवंत आजी कोरलेली होतीच. नवरा गेला की दगड घडवताना बायकोचं नावही त्याच वेळी घालून घेतात, जन्मसाल, मग एक आडवी रेघ, आणि पुढे कोरी जागा. पाथरवट एकदाच येतो, अक्षर एकाच हाताचं राहतं, आणि बाईलाही आपण कुठे जाणार हे कळतं. "पण आमचा पाथरवट उत्साही," एतेल्का म्हणाली होती. "त्याने रेघेपुढे एकोणीससुद्धा कोरून टाकलं. म्हणाला, शेवटचे दोनच आकडे राहतील, काम हलकं होईल. शतकाच्या आत मी आटपेन असा त्याचा अंदाज." टेबल हसलं. चोंगोर हसला नाही, त्याने चावायचं थांबवलं. दुसऱ्याच दिवशी तो टेकडीवरच्या या दफनभूमीत आला. 'विल्मोश सेपेशी' आणि खाली 'व त्याची पत्नी एतेल्का, १९२८ – १९', एवढं वाचून तो ओल्या गवतात खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही. तिला वाटलं, पाठीत उसण भरली असेल. तो म्हणाला, "काकू, अख्खा सिनेमा इथे आहे." आणि सिनेमाचा शेवट बदलला. शेवटी पडद्यावर फक्त दगड दिसणार, कोणीतरी ते एकोणीस बुजवून वर खरं साल घातलेलं, आणि त्यावरून हलकेच फडकं फिरवणारे दोन म्हातारे हात. हात कोणाचे, ती तर गेलेली, असं विल्लोने तेव्हाच विचारलं होतं. तेच तर, चोंगोर म्हणाला होता, आणि कोणालाच काही कळलं नाही, त्यामुळे सगळ्यांनी मान डोलावली.

तिनेही डोलावली होती. मान डोलावण्याचा तिला सराव होता. विल्मोश गेला त्या एप्रिलमध्ये ती अठ्ठावन्न वर्षांची होती आणि तिला फक्त झोपायचं होतं. रेल्वेच्या वेळापत्रक खात्यात आयुष्य काढलेला तो माणूस ट्रामच्या थांब्यावर, हातातल्या घड्याळाकडे पाहत असताना खाली बसला आणि मग आडवा झाला. ट्राम वेळेवर आली, असं पाहणाऱ्यांनी मुद्दाम सांगितलं, जणू तेवढं समाधान. दगडाचं सगळं नणंदेने पाहिलं. हर्मिना मोठी, टोपीत पीस लावणारी, दुःखातही हिशेबी. पाथरवटाच्या अंगणात, दगडाच्या भुकटीत उभी राहून तिने विचारलं होतं, "अगं, तुझंही घालून घेऊ ना आत्ताच?" जशी एखादी मंडईत विचारते, तुझ्यासाठीही घेऊ का एक जुडी. एतेल्काने मान डोलावली. पाथरवटाने कानामागची पेन्सिल काढली. विल्मोश वाईट नव्हता. हे वाक्य अंत्यविधीला तिला इतक्या जणांनी ऐकवलं की शेवटी तिला वाटू लागलं, कोणीतरी तसा आरोप केला असावा. तो पीत नव्हता, ओरडत नव्हता. सूप संपल्यावर म्हणायचा, "मीठ." म्हणजे कमी की जास्त, ते तिने ओळखायचं. पलंगावर भिंतीकडची बाजू त्याची, आणि रात्री कुशीवर वळताना तो झोपेतच म्हणायचा, "सरक." ती सरकायची. तीस वर्षांत ती सरकत सरकत गादीच्या अशा कडेला पोचली होती की तिथे झोपणं ही एक कसरत होती, आणि सर्कशीत असती तर टाळ्या मिळाल्या असत्या. दगड उभा राहिला तेव्हा तिने पहिल्यांदा पाहिलं. वरची रुंद जागा त्याची, आणि खाली, कडेला, बारीक अक्षरांत ती. नेमकी तिच्या बाजूला.

माणूस आपलं नाव दारावर वाचतो, टपालपेटीवर वाचतो, दवाखान्यात कोणी पुकारलं तर उठून उभा राहतो. दगडावर वाचलं की काय करायचं, हे कोणी शिकवत नाही. ती दरवर्षी नोव्हेंबरात, मृतांच्या दिवसाआधी बादली, साबण आणि कडक केसांचा ब्रश घेऊन यायची, विल्मोशला घासायची आणि ओघात स्वतःलाही घासायची. स्वतःच्या अक्षरांत शेवाळ जास्त धरायचं, कारण ती खाली होती. शेवंतीच्या दोन कुंड्या ठेवायची, मधोमध, म्हणजे कोणासाठी कोणती हा प्रश्न यायचा नाही. आजूबाजूच्या थडग्यांपाशी तिच्यासारख्याच बायका आपापली नावं घासत असायच्या. त्या एकमेकींना विचारायच्या, "काय, कसं चाललंय?" आणि दगडाकडे बघून म्हणायच्या, "चाललंय." त्यात कोणालाही काही विचित्र वाटत नव्हतं. विचित्र वाटायला लागलं ते शतक संपत आलं तेव्हा. त्या वर्षअखेरीला बिल्डिंगमधले लोक तिच्याशी जरा जपून बोलू लागले, गाडी सुटायच्या वेळी फलाटावरच्या माणसाशी बोलावं तसे. आणि नवीन वर्षाच्या पहिल्या दुपारी, सगळं शहर पैसा यावा म्हणून मसूर खात असताना, हर्मिना तिच्या स्वयंपाकघरात बसून ताटलीकडे न बघता म्हणाली होती, "आता गं काय करायचं?"

"कशाचं?"

"त्या एकोणीसचं. खोडावं लागणार. दगडावर खाडाखोड फार वाईट दिसते, एतेल्का." आणि मग, घास गिळून, अगदी मायेने, "तू काही मुद्दाम केलंस असं नाही म्हणत मी."

एतेल्काने तिला अजून मसूर वाढला होता. हर्मिना पुढल्या वर्षीच गेली. तिच्या दगडावर खाडाखोड नव्हती, ती कोऱ्या जागेत व्यवस्थित बसली. तिला सगळंच व्यवस्थित जमायचं.

पण हे सगळं एतेल्काला हसत हसत सांगता यायचं, सांगितलंही होतं. जे सांगता यायचं नाही, ते आत्ता विल्लोच्या त्या साध्या प्रश्नाने वर आलं होतं. हर्मिनाच्या मसुराच्या कितीतरी आधी, एतेल्का साठी ओलांडत असताना, ओदोन नावाचा एक माणूस होता. नदीवरच्या फेरीबोटींचा निवृत्त तिकीट तपासनीस, उंच, किंचित वाकलेला, आयुष्यभर हलत्या जमिनीवर उभं राहिल्यामुळे घट्ट जमिनीवरही पाय फाकून उभा राहणारा. सार्वजनिक स्नानगृहातल्या गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडून बसलेला असताना त्याने तिला विचारलं होतं, तुम्ही गाता का? नाही, ती म्हणाली, मी कुजबुजते. तीस वर्षं कुजबुजण्याचा पगार घेतला. तो इतका हसला की शेजारच्या बायका सरकून बसल्या. तो घरी यायचा तेव्हा दार कोपराने वाजवायचा, कारण दोन्ही हातांत काहीतरी असायचं, कधी पिकलेली नासपती, कधी गळका नळ दुरुस्त करायची अवजारं. त्याने लग्नाचं विचारलं नव्हतं. पुढल्या जूनमध्ये बालातोनला, सरोवराकाठी, त्याच्या भावाच्या लाकडी खोलीत आठ दिवस राहायला येता का, असं विचारलं होतं, आणि ती येते म्हणाली होती. पोहण्याचा नवीन पोशाखही घेतला होता, गडद निळा. मग शरद आला, आणि मृतांच्या दिवशी तो म्हणाला, बादली मी उचलतो. त्यात वावगं काय होतं. ते टेकडी चढून आले, बोलत, दम लागला की थांबत. दगडापाशी आल्यावर त्याने बादली खाली ठेवली आणि टोपी काढली. विल्मोशसाठी काढली असेल असं तिला वाटलं. पण तो खालची ओळ वाचत होता. ओठ हलवत, तिकीट तपासावं तसा. वाचून झाल्यावर त्याने टोपी परत घातली नाही. ती शेजारी उभी होती, हातात ब्रश, नाक थंडीने लाल, चांगली जिवंत, आणि तो तिच्यासाठी टोपी काढून उभा होता.

"इथे सगळं ठरलेलंच आहे म्हणायचं," ओदोन म्हणाला.

तीस वर्षं तिने दुसऱ्यांना वाक्यं दिली होती. राण्यांना, दासींना, विष प्यायलेल्या नायकांना. मरणारा नट वाक्य विसरला की त्याला पहिला शब्द द्यायचा, फक्त पहिला, बाकीचं त्याला आपोआप येतं, हा तिचा धंदा होता. त्या दिवशी तिला पहिला शब्द द्यायला खोक्यात कोणी नव्हतं. दगडावर लिहिलंय म्हणून काय झालं, एवढं म्हणायचं होतं. ती म्हणाली, "पाणी गार पडेल," आणि घासायला बसली. टेकडी उतरताना तो तिच्याशी हळू आवाजात बोलत होता, सुतकातल्या माणसाशी बोलावं तसा. नंतरही आला दोनतीनदा. रीतभात होती त्याला. पण दार बोटांनी वाजवायचा. जूनमध्ये भावाची खोली रिकामी नव्हती म्हणे.

"काकू." चोंगोर येऊन उभा होता, मागे त्याचा मफलर उडत होता. "विल्लो म्हणते तुम्ही साल सांगत नाही."

"कोणाला माहीत असतं, बाळा?"

तो हसला. ती हसली नाही. मग तोही हसायचा थांबला आणि तिच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. लहान मुलांशी आणि म्हाताऱ्यांशी बोलताना उकिडवं बसावं असं त्याला कोणीतरी शिकवलं होतं. "हे खरं साल नाही, काकू. ही पुट्टी आहे. पाण्याने धुतली की निघते. विल्लो संध्याकाळी स्पंजने पुसेल, तुमचं एकोणीस होतं तसं तुम्हाला परत."

"मला नकोय ते परत."

"म्हणजे?"

"म्हणजे साल टाकायचं नाही. माझ्या नावापुढे कोणी काही टाकायचं नाही."

चोंगोरने आकाशाकडे पाहिलं, मग झाडाकडे, मग एमोकेकडे. एमोके दोन थडग्यांपलीकडे सुरकुत्या चिकटवून सँडविच खात होती, तोंड फार न उघडता, गाल सुटू नयेत म्हणून. "तुम्ही सांगा ना त्यांना," तो म्हणाला.

"मी काय सांगू?" एमोके म्हणाली. "एतेल्काताई, मी सतरा वेळा मेले आहे. एकदा तर बैलगाडीखाली. काही होत नाही. नुसतं पडून राहायचं, आणि माशी बसली तरी हलायचं नाही."

"तुम्ही मेलात तेव्हा नाव दुसऱ्याचं होतं, बाई."

एमोकेने घास गिळला आणि विचार केला. "हेही खरं," ती म्हणाली, आणि चोंगोरकडे वळून, "मी यांच्या बाजूने. मला विचारायचंच नव्हतं मग."

तेव्हा चोंगोरने खिशातून फोन काढला. ती गोष्ट त्याला करायची नव्हती हे त्याच्या मानेवरून दिसत होतं, चांगला मुलगा होता, पण झाडामागे जाणारं ऊन त्याला आईबापांपेक्षा जवळचं होतं. थडग्याची जागा अर्पादच्या नावावर होती. भाडेपट्टा, परवानगी, सही, सगळं अर्पादचं, तिच्या मुलाचं. जागेत ती राहणार होती, पण जागा तिची नव्हती, बापाच्या घरी आणि नवऱ्याच्या घरी होतं तसंच हेही. अर्पादने केव्हाच होकार दिला होता. फोनमधून त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, ऑफिसातला, चालता चालता बोलणारा.

"आई, अगं सिनेमा आहे तो. खोटं असतं सगळं."

"नाव खरं आहे."

"एका दिवसाचा प्रश्न आहे. आणि खरं सांगू, ते एकोणीस बुजलेलं बरंच दिसेल. मला दरवर्षी लाज वाटते. लोक विचारतात."

"काय विचारतात?"

"असंच," अर्पाद म्हणाला. "तू करून टाक ना. त्यांची माणसं खोळंबलीत." 

त्या 'असंच'मध्ये तिला सगळं ऐकू आलं. लोक काय विचारत असतील, मुलगा काय उत्तर देत असेल, आणि तो उत्तर देताना हसत असेल. तिला त्याचा राग आला नाही, किंवा आला असेल तर तो इतका जुना होता की अर्पादला तो लागू नव्हता. तिला दिसलं ते इतकंच की या ओळीवर आजवर सगळ्यांचा हात फिरून गेला. नणंदेने ती मागवली, पाथरवटाने कोरली, ओदोनने वाचली, मुलाने भाड्याने दिली, आता हा पोरगा तिचा शेवट करणार. आपण काय केलं? आपण ती घासली. स्वच्छ ठेवली, म्हणजे सगळ्यांना नीट वाचता यावी. ती उठली. ब्लँकेट घडी करून खुर्चीवर ठेवलं. 

"बरं," ती म्हणाली. "घ्या."

चोंगोरचा चेहरा उजळला. विल्लोने काम उरकलं. एकोणीस बुजलं, वर काळ्या रंगात साल आलं, इतकं हुबेहूब की एमोके जवळ येऊन चष्म्यातून बघून गेली आणि क्रॉसची खूण करावी की नाही असा तिचा हात अर्ध्यावर थांबला. एतेल्काने ते वाचलं. एतेल्का, १९२८ – २००९. बाई चांगली जगली असावी, असं कोणालाही वाटलं असतं. तिच्या हातात फडकं दिलं गेलं. कॅमेरा इतका जवळ आला की त्यात फक्त दगड आणि मनगटापर्यंतचे हात, बाकीची ती बाहेर, गवतात, गुडघ्यांखाली विल्लोची उशी. हलकेच, चोंगोर म्हणाला, जसं कोणाच्या कपाळावरून फिरवता तसं. आणि सगळे गप्प झाले.

हातांनी फडकं एकदा फिरवलं, हलकेच, कपाळावरून फिरवावं तसं. मग फडकं खाली ठेवलं. मग उजव्या अंगठ्याने २००९ मधला नऊ पुसला. ओला रंग लांबला, करड्या पुट्टीत मिसळला. मग शून्य, मग त्याआधीचं शून्य, मग दोन. मागे कोणीतरी श्वास घेतला आणि चोंगोरचा आवाज आला, अगदी बारीक, "चालू ठेवा. कोणी हलू नका." हातांना ते ऐकायची गरज नव्हती. त्यांनी विल्लोची वाटी पुढे ओढली, दोन बोटं आत बुडवली, आणि 'एतेल्का'मधल्या पहिल्या अक्षरात पुट्टी दाबली. थंड होती, कणकेसारखी. अक्षर खोल होतं. पाथरवटाने पैशाला काम चोख केलं होतं. मग दुसरं अक्षर. मग आडवी रेघ, जन्मसाल, आणि मग मागे जाऊन 'त्याची', आणि 'पत्नी', आणि शेवटी तो एकाक्षरी 'व', जो आजवर तिच्या लक्षातही आला नव्हता आणि सगळ्यांत जास्त पुट्टी त्यालाच लागली. हातांना घाई नव्हती. ज्या हातांना सुईत दोरा ओवता येत नसल्याचं सोंग करावं लागलं होतं, ते आता जे येतं ते करत होते. दगडाच्या खालच्या भागात एक करडा, गुळगुळीत पट्टा उरला. वर विल्मोश, एकटा, ऐसपैस.

"कट," चोंगोर म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता. "काकू. काकू, हे अप्रतिम. विल्लो, पूस आणि साल परत घाल, पुन्हा घेऊ, या वेळी डावीकडून."

"नाही," एतेल्का म्हणाली.

"एकदाच फक्त."

"एकदाच झालं." ती अजून गवतातच होती. नखांत पुट्टी भरली होती. "विल्लो, हे पाण्याने निघतं म्हणालीस."

"निघतं, काकू. पावसानेसुद्धा निघेल."

"मग न निघणारं काय आहे तुझ्याकडे?"

विल्लोने चोंगोरकडे पाहिलं. चोंगोर मान हलवत होता, डावीकडून उजवीकडे, पुन्हा पुन्हा. मग विल्लोने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि गवतातल्या म्हातारीच्या गुडघ्यांकडे. "गाडीत आहे," ती म्हणाली. "दोन डब्यांतलं मिसळायचं असतं. दगडासारखं होतं. पण ते मग छिन्नीनेसुद्धा मुश्किलीने निघतं हां."

"आण."

"काकू, जागा तुमच्या मुलाच्या नावावर आहे," चोंगोर म्हणाला, "मी परवानगी काढलीय ती फक्त—"

"जागा त्याची. जागेला मी हात लावत नाही. नाव माझं आहे, ते मी घेऊन जाते."

एमोके दोन थडग्यांपलीकडून म्हणाली, "आण गं, विल्लो, बघतेस काय." आणि विल्लो लंगडत गाडीकडे निघाली.

गवतात पडलेला चोंगोरचा फोन वाजला, अर्पादचा होता, काम झालं का विचारायला. एमोकेने तो उचलला आणि जे दिसत होतं ते त्याला सांगितलं, थोडक्यात आणि रंगवून, नटी होती ती. अर्पादला समजायला वेळ लागला. मग त्याने फोन आईला द्यायला सांगितलं.

"आई," तो म्हणाला. आवाजात आता ऑफिस नव्हतं. "अगं मग तुला ठेवायचं कुठे?"

तिने विचार केला. खरोखर केला, कारण प्रश्न रास्त होता. एखादी टेकडी, एखादी भिंत, नदी, काही असू शकत होतं. काहीच ठरलेलं नव्हतं. तिला इतकी मोकळी जागा एकदम दिसली की जरा गरगरलं. 

"ठरलं की कळवीन," ती म्हणाली, आणि फोन एमोकेला परत दिला.

विल्लोने दोन डब्यांतलं एका फळीवर मिसळलं. त्याला उग्र वास होता आणि ते लवकर घट्ट होत होतं. कच्ची पुट्टी खरवडून काढताना अक्षरं पुन्हा एकदा वर आली, स्पष्ट, 'व त्याची पत्नी', आणि मग एकेक करून गेली. या वेळी कॅमेरा बंद होता. चोंगोर हात खिशात घालून उभा होता. ऊन झाडाच्या बुंध्यापर्यंत आलं होतं, मग बुंध्याच्या मागे गेलं. दिवे गुंडाळणारी माणसं एकमेकांत कुजबुजत होती.

"काकू, गाडी निघतेय," तो शेवटी म्हणाला. "थंडी वाढेल. उठा आता."

"वाळू दे."

"वाळेल ते, आपोआप वाळेल. थांबायची काय गरज आहे?"

वरून एक पान गळत खाली आलं, ओल्या पट्ट्यावर बसणार, तेवढ्यात तिने ते हवेतच हाताने बाजूला केलं. मग दुसरं. ती तशीच बसून राहिली, एक हात दगडासमोर आडवा धरून, दारात उभं राहून कोणाला आत येऊ देऊ नये तसा. विल्लो तिच्या शेजारी गवतात बसली, आणि थोड्या वेळाने एमोकेही आली, उरलेलं अर्धं सँडविच घेऊन, गालांची पर्वा न करता. मग एतेल्काने अंगठा पट्ट्यावर टेकवला आणि अंगातली सगळी ताकद लावून दाबला. ठसा उमटला नाही. तेव्हा ती उठली.